वाचक विचारतात: राजापूरचा खासदार गेला कुठे?

गेल्या महिन्यात एका उत्तरात जाता जाता 'आमच्या राजापूर मतदारसंघात असं चालत नसे' असं लिहून गेलो आणि मग पत्रं सुरू झाली. निम्म्या लोकांनी विचारलं की असा मतदारसंघ आहे कुठे, आणि उरलेल्या निम्म्यांनी आपापल्या आठवणी पाठवल्या, त्यातल्या दोन-तीन तर इतक्या लांब की त्यांचाच एक अंक निघेल. म्हणून या वेळी सगळा विषय एकच. मी कुडाळकडचा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तरांत कुठे माया जास्त झाली तर समजून घ्या.

प्रश्न: मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. लोकसभेच्या ४८ जागांच्या यादीत मला राजापूर सापडलं नाही. विधानसभेत आहे. मग नाथ पै, मधु दंडवते हे 'राजापूरचे खासदार' कसे? (बदलापूर)

यादी बरोबर आहे, राजापूर लोकसभेतून गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्हा उत्तर आणि दक्षिण असा विभागलेला होता. १९५७ ला राजापूर या नावाचा मतदारसंघ आला, त्यात आजचा बराचसा सिंधुदुर्ग येत होता, फक्त तेव्हा सिंधुदुर्ग हा जिल्हाच नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. नाव राजापूरचं असलं तरी राजकारणाचा जीव खाली वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी, कणकवली या पट्ट्यात होता. मग २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, राजापूर आणि रत्नागिरी हे दोन्ही मतदारसंघ मोडले, आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा विधानसभा भाग जोडून ४६ नंबरचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. दापोली आणि गुहागर रायगडला गेले. म्हणजे दापोलीच्या माणसाचा खासदार रायगडचा, आणि जिल्हा मात्र रत्नागिरी. सरकारी कामासाठी एका दिशेला जायचं आणि खासदाराकडे दुसऱ्या दिशेला, अशी त्यांची पंचाईत.

आता एक हिशोब सांगतो तो वहीत लिहून घे. १९५७ ते २००४ राजापूरमध्ये लोकसभेच्या १३ निवडणुका झाल्या आणि त्या १३ निवडणुकांत खासदार किती झाले, तर चार. बॅरिस्टर नाथ पै तीन वेळा, मधु दंडवते पाच वेळा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चार वेळा. बेरीज करून बघ, १३ भरते. आणि यात काँग्रेस एकदाच, १९९१ ला. नवीन मतदारसंघातल्या चार निवडणुका धरल्या तर १७ पैकी दोन. महाराष्ट्र हा काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणून आपण ज्या काळाबद्दल बोलतो त्या काळात खाली कोकणात हे चाललेलं, हे तुझ्या सरांना सांग, बघ काय म्हणतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. आमच्या लहानपणी नाथ पैंची सभा म्हणजे गाव लोटायचा. पैसा नाही, गाड्या नाहीत, तरी निवडून यायचे. विद्वान माणसांना निवडून देणारा हाच मतदार आज असा का वागतो? मतदार बिघडला का? (सावंतवाडी)

गुरुजी, तुमच्या प्रश्नात थोडं दुःख आहे आणि थोडा राग, दोन्ही समजतात. पण मला उत्तर थोडं वेगळं द्यायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाथ पै वेंगुर्ल्याचे, जन्म १९२२ चा, बॅरिस्टर, प्रजा समाजवादी पक्षाचे. १९५७ ला निवडून आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं आणि प्रजा समाजवादी पक्ष समितीत होता, त्यामुळे पहिला विजय एकट्या वक्तृत्वाचा होता असं म्हणता येत नाही. पण १९६२ ला तसं वारं नव्हतं, तरी ते आले, १९६७ लाही आले. गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असा निकाल दिला, त्यानंतर त्यांनी संसदेत एक खासगी विधेयक आणलं, की मूलभूत हक्कांसकट घटनेचा कुठलाही भाग बदलायचा अधिकार संसदेला असला पाहिजे. ते नाथ पै विधेयक म्हणून देशभर गाजलं, पुढे १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने तोच मुद्दा सरकारने आपला म्हणून आणला. आता वेंगुर्ल्यात मासळी विकणाऱ्या बाईला गोलकनाथ कोण हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. मग मत का द्यायची? तर आपला नाथ दिल्लीत बोलतो आणि पंतप्रधान ऐकतात, एवढं तिला माहीत होतं, आणि ते तिला कोणी सांगितलं होतं तर तुमच्यासारख्या मास्तरांनी.

मास्तर, पोस्टमन, सेवादलाचे कार्यकर्ते, आणि मुंबईहून येणारं पत्र, या चार गोष्टींवर तो मतदारसंघ उभा होता असं माझं मत आहे. पैकी पत्राकडे कोणी लक्ष देत नाही. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला, परळ-लालबागला, गिरणीत नाहीतर कुठे तरी शिपाई, गावकऱ्यांच्या खोलीत वीस-पंचवीस जण मिळून राहायचे, पेटी भिंतीला आणि वळकटी डोक्याशी. महिन्याला मनीऑर्डर यायची. तिच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहायला जागा असायची, 'पैसे मिळताच कळवणे, म्हशीला पेंड घालणे' वगैरे. निवडणुकीच्या महिन्यात त्या दोन ओळींत तिसरी ओळ घुसायची. आमच्या आत्याकडे आलेली एक मी स्वतः वाचून दाखवलेली आहे, कारण तिला वाचता येत नव्हतं: 'सर्वांनी चक्रात नांगरवाला यावर शिक्का मारणे.' (ही पुढे जनता पक्षाची निशाणी.) पैसे पाठवणाऱ्याचा शब्द घरात चालायचा. म्हणजे गुरुजी, आमचं मत गावात पडायचं पण ठरायचं मुंबईत. त्या मुंबईत तेव्हा कामगार चळवळ होती, समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, सभा होत्या, म्हणून इकडे झोपडीवर शिक्के पडले. झोपडी म्हणजे प्रजा समाजवादीची निशाणी.

मतदान करून आल्यावर आत्याला विचारलं, 'कोणाक दिलंस गो मत?' तर म्हणाली, 'माका इचारू नको, घोवाकय सांगूक नाय.' तेव्हा पत्राचा शब्द चालायचा हा माझा सिद्धांतही किती खरा ते तिलाच माहीत.

नाथ पै गेले १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात, सीमाभागातल्या हुतात्म्यांच्या कार्यक्रमासाठी गेले असताना, हृदयविकाराने. वय फक्त ४८. लोकसभा त्याआधीच डिसेंबरात विसर्जित झालेली होती, त्यामुळे पोटनिवडणूक झालीच नाही, थेट मार्चमध्ये मुदतपूर्व निवडणूक आणि उमेदवार शोधायला हातात दोन महिनेही नाहीत. पक्षाने पाठवले मधु दंडवते. हा माणूस अहमदनगरचा, राहायचा मुंबईत, सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. मालवणी येत नाही, नातंगोतं नाही. वर इंदिराबाईंची 'गरिबी हटाव'ची लाट. त्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने नेल्या. प्रजा समाजवादी पक्षाचे सबंध देशात दोन खासदार आले, एक बंगालमध्ये कांथीहून समर गुहा आणि दुसरे आमच्या राजापूरहून दंडवते.

नंतर १९७७ ला, आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात राहून आल्यावर, दंडवते पुन्हा आले, पण तेव्हा तर कोकणच्या किनाऱ्यावर सगळे काँग्रेसविरोधकच आले, रत्नागिरीत जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर, कुलाब्यात शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील. त्यात विशेष काही नाही. विशेष ते १९८४ चं.

ते मला स्वतःला आठवतं. इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबरला, निवडणूक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. थंडी होती, आमच्या ओट्यावर वडील, शेजारचे दोघे, एक निवृत्त पोस्टमास्तर, आणि मधे आमचा ट्रान्झिस्टर, त्याला कातडी पिशवी आणि एरियल तुटलेली म्हणून तिथे छत्रीची काडी खोचलेली. बातम्यांत एकेक जागा सांगत होते आणि प्रत्येक जागेपुढे काँग्रेस, काँग्रेस, काँग्रेस. पोस्टमास्तर प्रत्येक नावाला सुपारी कातरत होते, बोलत काही नव्हते. मग राजापूर आलं. जनता पक्षाचे मधु दंडवते विजयी. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, वडिलांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला, रात्री साडेदहाला, आमच्या घरात हे कधी झालेलं नव्हतं. त्या वेळी महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेसच्या आल्या. उरलेल्या पाचांत बारामतीचे शरद पवार, दक्षिण मध्य मुंबईचे डॉक्टर दत्ता सामंत असे लोक होते, आणि जनता पक्षाचा अख्ख्या राज्यात एकच खासदार, तो आमचा.

आता दत्ता सामंतांचं नाव इथे उगीच नाही घेतलं. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला (तारीख योगायोगाने नाथ पैंच्या स्मृतिदिनाचीच), अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले आमचे किती ते मोजायला नको, ज्या घरातून मनीऑर्डर यायची बंद झाली ते घर. काही जण गावी परत आले, काही वॉचमन झाले, आणि त्यांची पोरं गावकऱ्यांच्या खोलीत वाढली ती शिवसेनेच्या शाखेत जाऊ लागली. पत्र अजून यायचं, पण पत्रातली तिसरी ओळ बदलली. म्हणून मी म्हणतो गुरुजी, मतदार बिघडला नाही, तो पूर्वीही मुंबईचं ऐकत होता आणि नंतरही मुंबईचंच ऐकलं, मुंबई बदलली. हे तुम्हाला पटणार नाही, आणि पटू नये असंही वाटतं, कारण मग तुम्ही केलेल्या कामाला काय अर्थ राहिला असं होतं. तो राहतोच. दंडवत्यांसारख्या परक्या माणसाला पाच वेळा निवडून द्यायला नुसतं पत्र पुरत नाही, त्याला गावात कोणीतरी हमी घ्यावी लागते, ती तुम्ही लोकांनी घेतलीत.

प्रश्न: कोकण रेल्वे आणली दंडवत्यांनी आणि कोकणाने त्यांनाच पाडलं, असं आमचे आजोबा अजून म्हणतात. खरं का? (चिपळूण)

अर्धं खरं. आधी रेल्वेचं बघू. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला तोवर नुसती लाकडी फळी असायची, त्यावर चादर टाकून झोपायचं आणि सकाळी उठल्यावर पाठीवर फळीच्या फटी उमटलेल्या. दंडवत्यांनी त्यावर दोन इंचांचा फोम घालायला लावला. आज ज्या बर्थवर आपण कुरकुर करत झोपतो ना, तो त्यांचा. १९७४ च्या संपात काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं, मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस पूर्ण एकाच वर्गाची काढली. कोकणासाठी लाइन आपट्यापासून पुढे रोह्याकडे सरकवायचं काम त्यांच्या काळात मार्गी लागलं, गाडी रोह्याला पोचली १९८६ ला. म्हणजे रेल्वेमंत्री आमचा असूनही गाडी आमच्यापर्यंत आली नाही, रोह्यालाच थांबली, आणि रोहा ते कुडाळ काय अंतर आहे ते एस.टी.ने आलेल्या माणसाला विचारा.

खरा सांधा जुळला १९९० ला. व्ही. पी. सिंगांच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, नियोजन आयोगावर रामकृष्ण हेगडे. एकाला मंगळूर हवं, एकाला कोकण हवं, एकाला कर्नाटक, आणि तिघांच्या हातात नेमक्या त्याच किल्ल्या. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटातून हे होणार नाही म्हणून वेगळं महामंडळ काढलं, १९ जुलै १९९० ला, ई. श्रीधरन यांच्याकडे कारभार, पैसा रोख्यांतून उभा करायचा. नोव्हेंबरात सरकारच पडलं. पण काम सुरू झालेलं होतं ते थांबलं नाही, पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला.

आणि दंडवते पडले १९९१ ला, म्हणजे जमिनी संपादन होत होत्या, डोंगर फोडत होते, बोगद्यांत पाणी लागत होतं, पण गाडी अजून कोणी बघितलेली नव्हती. काही लोकांच्या तर वाड्यातून, आंब्याच्या कलमांतून लाइन गेली म्हणून ते चिडलेले. तुमच्या आजोबांना सांगा, लोकांनी गाडी आणणाऱ्याला पाडलं नाही, कारण गाडी आलेलीच नव्हती.

पडायची कारणं माझ्या मते दुसरीच. राजीव गांधींची हत्या २१ मेला झाली, आपल्याकडचं मतदान त्यानंतर जूनमध्ये, आणि महाराष्ट्रात काँग्रेसच्या ३८ जागा आल्या. १९७१ आणि १९८४ ची लाट परतवणारा मतदारसंघ या वेळी का वाकला, तर मधल्या काळात शिवसेना कोकणात उतरली होती. १९९० च्या विधानसभेला नारायण राणे पहिल्यांदा आमदार झाले, गावोगाव शाखा निघाल्या. काँग्रेस नको असलेल्या माणसाला पूर्वी एकच घर होतं, आता दोन झाली. ती मतं फुटली आणि मधून लष्करातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत निघून गेले. दंडवते २००५ ला गेले, देहदान केलं होतं. राजापूर रोड स्टेशनावर उतरून कोणी विचारलं की ही गाडी कोणामुळे, तर उत्तर देणारा माणूस आता शोधावा लागतो, आणि ते स्टेशनही राजापूर शहरापासून इतकं लांब की रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यातच सगळा इतिहास विसरायला होतो.

प्रश्न: सुरेश प्रभूसुद्धा रेल्वेमंत्री होते. मग एका मतदारसंघाचे दोन रेल्वेमंत्री झाले का? (डोंबिवली)

झाले आणि नाही झाले. प्रभू १९९६ ला शिवसेनेच्या तिकिटावर पहिल्यांदा आले, चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले. सेनेने तोंडाळ उमेदवार न देता शांत, शिकलेला माणूस दिला, राजापूरची नस बरोबर ओळखली होती म्हणायची. १९९६, ९८, ९९, २००४ असे सलग चार वेळा. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात उद्योग, पर्यावरण, रसायने अशी खाती करत ते ऊर्जा खात्यात आले, तिथे चांगलं नाव झालं आणि नेमकं तेव्हाच, ऑगस्ट २००२ मध्ये, बाळासाहेबांनी सांगितलं म्हणून राजीनामा दिला. कोकणात लोक अजून त्यावर हळहळतात.

पण रेल्वेमंत्री झाले ते नोव्हेंबर २०१४ ला, आणि तेव्हा ते आमचे खासदार नव्हते. २००९ ला हरले, शपथ घेतली त्याच दिवशी भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर आले हरयाणातून. म्हणजे राजापूरने दिल्लीला पाठवलेले दोघे रेल्वेमंत्री झाले, एक मतदारसंघ असताना, दुसरा मतदारसंघ पुसला गेल्यावर. पैज लावली असेल तर निम्मे पैसे घ्या.

प्रश्न: २००९ नंतर इथे पक्षापेक्षा राणे हवेत की नको एवढंच मतदान होतं असं मला वाटतं. तुमचं मत? आणि रिफायनरीचा किती परिणाम? (लांजा)

तुमचं निरीक्षण मला बरंचसं मान्य आहे. नारायण राणे १९९९ ला मुख्यमंत्री, २००५ ला सेना सोडून काँग्रेसमध्ये. २००९ ला नव्या मतदारसंघात पहिली निवडणूक, काँग्रेसकडून त्यांचे चिरंजीव नीलेश राणे, समोर प्रभू, आणि प्रभू पन्नास हजारांच्या आत हरले. १७ पैकी दोनदा काँग्रेस असं वर म्हटलं त्यातली ही दुसरी, पण हिला काँग्रेसचा विजय म्हणणं मला जड जातं, पंजा निशाणी होती एवढंच.

मग २०१४ ला शिवसेनेचे विनायक राऊत आले ते १,५०,०५१ मतांनी, आणि २०१९ ला तर फरक १,७८,३२२ वर गेला, तेव्हा नीलेश राणे महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाकडून होते. २०२४ ला स्वतः नारायण राणे भाजपकडून उभे राहिले. मिळाली ४,४८,५१४, राऊतांना ४,००,६५६, फरक ४७,८५८. कमळ इथे पहिल्यांदाच उगवलं. आणि ज्या मतदारसंघात १९९६ पासून प्रत्येक वेळी धनुष्यबाण होता तिथे या वेळी मशिनवर धनुष्यबाणच नाही, एका बाजूला मशाल, दुसरीकडे कमळ. आमच्या गावच्या केंद्रावर एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, 'बाण खंय गेलो?' आता त्याला बिचारा पोलिंग एजंट काय सांगणार.

पण मला या निकालातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट वाटते ती वेगळीच. सहा विधानसभा भागांपैकी चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या तिन्ही ठिकाणी राणे पुढे. मधे वाघोटनची खाडी, अलीकडे एक खासदार आणि पलीकडे दुसरा. २००८ ला ज्यांनी दोन जुने मतदारसंघ कापून एक केला त्यांची शिवण १६ वर्षांनी जिल्ह्याच्या हद्दीवर उसवलेली दिसते. रत्नागिरीचे आमदार उदय सामंत मंत्री, महायुतीत, त्यांचे बंधू किरण सामंत लोकसभेला इच्छुक होते आणि थांबले, आणि तिथे महायुती मागे. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा, मी लावला तर पुढच्या महिन्यात अजून पत्रं येतील.

रिफायनरीबद्दल. नाणारची जमीन संपादनाची अधिसूचना रद्द झाली ती मार्च २०१९ च्या सुरुवातीला, युती जमल्यावर लगेच, निवडणुकीच्या तोंडावर. राजापूर तालुक्यात त्याचा परिणाम नक्की झाला. पुढे बारसू-सोलगाव आलं, २०२३ ला तिथे बायका माळावर आडव्या पडल्या. पण १,७८,००० चा फरक एका तालुक्याच्या प्रश्नाने पडत नाही. सावंतवाडीच्या माणसाला नाणार कुठल्या दिशेला ते विचारा, तो आधी वर बघेल.

प्रश्न: जनसंघाचा खासदार रत्नागिरीतून आला होता असं एकाने सांगितलं. थाप ना? (रत्नागिरी)

थाप नाही. १९५७ ला जनसंघाचे सबंध देशात चार खासदार आले, त्यात एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक रत्नागिरीचे प्रेमजीभाई आशर. तोही संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्याचाच प्रताप. तेव्हा पणती ही निशाणी. पुढच्या दोन निवडणुका, १९६२ आणि १९६७, काँग्रेसच्या शारदा मुखर्जी जिंकल्या, हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जींच्या पत्नी, पुढे आंध्र आणि गुजरातच्या राज्यपाल. नाव बंगाली वाटतं म्हणून बाहेरच्या समजू नका, त्या माहेरच्या पंडित, विजयालक्ष्मी पंडितांच्या सासरचं घराणं, आणि त्या पंडितांचं मूळ गाव कुडाळजवळचं बांबुळी. म्हणजे माझ्या शेजारच्या.

प्रश्न: डिपॉझिट जप्त होतं म्हणजे नक्की किती मतं पडायला लागतात? (कणकवली)

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त पडली पाहिजेत, नाहीतर अनामत गेली. लोकसभेला सध्या २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे. पहिल्या निवडणुकीला ५०० होते. तुमच्याच बाजूची गोष्ट, २००५ ला राणे काँग्रेसमध्ये गेल्यावर मालवणची विधानसभेची पोटनिवडणूक झाली तेव्हा त्यांच्यासमोर सेनेच्या उमेदवाराचंही डिपॉझिट गेलं होतं. आणि त्याच राणेंना २०१४ ला कुडाळात वैभव नाईकांनी हरवलं. नऊ वर्षं फक्त.

प्रश्न: माझं नाव लालबागच्या यादीतही आहे आणि गावच्या यादीतही. दोन्हीकडची स्लिप येते. दोन्हीकडे मत दिलं तर चालेल का, दिवस वेगळे असतात. (लालबाग)

अहो, असं छापायला देऊ नका! चालत नाही. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, एकाच जागी पाहिजे, आणि फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. शाई पुसून दुसरीकडे जायचे प्रयोग आमच्याकडे पूर्वी झालेत, पपईचा चीक, लिंबू, काडेपेटीची काडी, सगळं लावून बघितलेले लोक मला माहीत आहेत, नख गेलं पण शाई नाही गेली.

तुम्ही वर्षातून किती दिवस गावी असता? गणपतीचे दहा आणि मे महिन्यातले पंधरा, बरोबर ना. मग जिथे खरे राहता तिथलं नाव ठेवा आणि दुसरीकडचं काढायला फॉर्म ७ भरा. उद्या कायमचे गावी गेलात तर पत्ता हलवायला फॉर्म ८ आहे, ऑनलाइन होतो, पुतण्याला सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम. २०२४ ला आमच्याकडचं मतदान ७ मेला होतं, ऐन आंब्यात, आणि गाड्या भरून चाकरमानी आलेले होते, त्यातल्या बऱ्याच जणांची नावं गावच्याच यादीत, घर मात्र विरार-नालासोपाऱ्याला. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, नाव काढलं की गाव सुटल्यासारखं वाटतं. फॉर्म मात्र ७ च.